आई-बाबा येणार आहेत: तिकिटाआधी विम्याचं बघा



मार्च-एप्रिल आला की इथल्या मराठी घरांत एकच विषय असतो. आई-बाबांचा व्हिसा आला का? तिकीट थेट घ्यायचं की दुबईवरून? व्हीलचेअर सांगितली का? मेथकूट, भाजणी आणि लोणच्याची बरणी चेक-इनमध्ये की केबिनमध्ये? या सगळ्यावर दोन-दोन तास फोन होतात. आणि विमा? तो तिकीट काढताना शेवटच्या पानावर एक चौकोन असतो, त्यावर टिक केली की झालं, असा साधारण समज. निदान माझ्या ओळखीतल्या दहातल्या सात-आठ जणांचा तरी असाच आहे.

गंमत म्हणजे तिकिटाबरोबर विमा विकायची ही युक्ती याच देशातली. रेल्वे पॅसेंजर्स अश्युरन्स कंपनीने १८४९ साली स्टेशनच्या खिडकीवर तिकिटासोबत अपघात विमा विकायला सुरुवात केली. थर्ड क्लासला एक पेनी द्यायची, प्रवासात मेलात तर घरच्यांना दोनशे पौंड. आपल्याकडे आयआरसीटीसीने २०१६ मध्ये ९२ पैशांत तेच सुरू केलं. तिकिटाबरोबरचा विमा म्हणजे किरकोळ पैशांतला अपघाताचा विमा, ही कल्पना आपल्या डोक्यात तिथूनच पक्की झाली असावी. पण पासष्ट-सत्तरीतले आई-बाबा सहा महिन्यांसाठी इंग्लंडला येतात तेव्हा भीती अपघाताची कमी आणि आजारपणाची जास्त असते. म्हणून हा पत्रप्रपंच. जरा लांबलाय, चहा घेऊन बसा :-)

आधी एनएचएसचा गैरसमज

"अरे, इथे तर सगळं फुकट असतं ना?" हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय! एनएचएस ५ जुलै १९४८ ला सुरू झाली आणि उपचाराच्या वेळी पैसे मागायचे नाहीत हे तिचं तत्त्व आजही आहे. पण ते इथे कायदेशीर आणि स्थायिकपणे राहणाऱ्यांसाठी. सहा महिन्यांच्या व्हिजिटर व्हिसावर आलेला माणूस त्यात बसत नाही.

दुसरं वाक्य: "मी इतका टॅक्स भरतो, नॅशनल इन्शुरन्स भरतो, व्हिसाच्या वेळी हेल्थ सरचार्ज पण भरला." बरोबर आहे, भरलात. तो सरचार्ज २०१५ मध्ये वर्षाला २०० पौंडांवर सुरू झाला आणि फेब्रुवारी २०२४ पासून मोठ्यांना वर्षाला १,०३५ पौंड झाला. वर्क व्हिसावर चार माणसांच्या कुटुंबाला तो भरताना घाम फुटतो. पण तो तुमच्या नावावर आहे, तुमच्या बाबांच्या नाही. मोफत उपचाराचा हक्क ज्याचा त्याचा असतो, मुलाच्या पगाराच्या स्लिपवरून तो आई-वडिलांकडे जात नाही. आणि व्हिजिटर व्हिसावाल्यांना तो सरचार्ज भरायची सोयच नाही.

मग त्यांना नक्की काय मिळतं? इंग्लंडपुरतं सांगतो, कारण स्कॉटलंड, वेल्स आणि नॉर्दर्न आयर्लंडचे नियम त्यांचे त्यांचे आहेत.

जीपीकडे तपासायला पैसे लागत नाहीत, तात्पुरतं रजिस्ट्रेशन करता येतं. ए अँड ई मध्ये, म्हणजे कॅज्युअल्टीत, तपासणी आणि उपचार सगळ्यांनाच मोफत. टीबीसारख्या काही संसर्गजन्य रोगांचे उपचारही मोफत. इथपर्यंत ठीक. पण ज्या क्षणी डॉक्टर म्हणतात "यांना ॲडमिट करतोय" आणि बेड वॉर्डकडे निघतो, त्या क्षणापासून मीटर सुरू. पुढची ओपीडीसुद्धा पैसे देऊन.

आणि मीटर साधा नाही. एनएचएसच्या ठरलेल्या दराच्या १५० टक्के आकारणी होते. म्हणजे समजा एखाद्या उपचाराचा दर ४,००० पौंड असेल, तर बिल ६,००० चं. काही देशांशी ब्रिटनचे परस्पर करार आहेत, ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडशी आहे, भारताशी तसा करार नाही. ऑक्टोबर २०१७ पासून तातडीचं नसलेलं काम असेल तर हॉस्पिटलला पैसे आधीच घ्यावे लागतात. तातडीचं असेल तर पैशावाचून थांबवत नाहीत, ही मोठी माणुसकीची गोष्ट आहे. पण मग बिल मागाहून घरी येतं. ५०० पौंड किंवा त्याहून जास्त रक्कम दोन महिने थकली, तर ती माहिती होम ऑफिसला जाऊ शकते आणि पुढचा व्हिसा त्यावरून नाकारला जाऊ शकतो. म्हणजे नातवाच्या मुंजीला यायचं तर मागचं बिल आडवं!

अजून एक. शेंगेन व्हिसाला किमान ३०,००० युरोंचा वैद्यकीय विमा दाखवावाच लागतो. त्यामुळे पॅरिस-स्वित्झर्लंडला जाणारे सगळे झक मारत विमा काढतात. यूकेच्या व्हिजिटर व्हिसाला विम्याची सक्ती नाही. कोणी विचारत नाही, म्हणून कोणी काढत नाही.

फॉर्मवरचा एक प्रश्न

आता घरचं सांगतो, कारण त्याशिवाय पुढचं पटणार नाही.

दोन वर्षांपूर्वी माझे आई-बाबा रेडिंगला यायचे ठरले. बाबा जिल्हा परिषदेतून रिटायर झालेले, सांगलीला असतात. डायबेटिस जुना, बीपीची गोळी चालू, हे मला माहीत होतं. मी स्क्रीनवर विम्याचा फॉर्म उघडून फोन लावला आणि एकेक प्रश्न वाचायला लागलो. डायबेटिसचा प्रश्न आला तसे बाबा म्हणाले, "अरे, ते कशाला लिहितोस? प्रीमियम वाढेल नुसता. एजंट म्हणाला, 'नाही' लिहा, कोण बघतंय तिथे!"

मी म्हटलं, बाबा, पैसे द्यायची वेळ आली की सगळे बघतात. ते पुटपुटत "बरं, लिही" म्हणाले. पुढचा प्रश्न: गेल्या चोवीस महिन्यांत हॉस्पिटलमध्ये दाखल झाला होतात का? कुठली तपासणी, ॲंजिओग्राफी वगैरे?

फोनवर शांतता. मला वाटलं लाइन गेली. मग मागून आईचा आवाज आला, "सांगा की आता त्याला."

आठ महिन्यांपूर्वी मिरजेला बाबांची ॲंजिओग्राफी झाली होती. एका ठिकाणी ब्लॉक निघाला, औषधांवर भागेल असं डॉक्टर म्हणाले. त्या तीन दिवसांत मी रोज फोन करत होतो आणि रोज आई सांगत होती की बाबा फिरायला गेलेत. "तू तिकडे एकटा, उगाच जिवाला घोर कशाला", हे दोघांचं ठरलेलं उत्तर.

रागवायचं कोणावर? मी तरी कुठे त्यांना मागच्या रिडंडन्सीच्या राउंडचं सांगितलं होतं! आपण सगळेच पाच हजार मैलांवरून एकमेकांना "सगळं ठीक" म्हणत असतो. पण त्या दिवशी एका कंपनीच्या रुक्ष फॉर्मने जे विचारलं, ते मी कधी सरळ विचारलंच नसतं, आणि त्यांनी सांगितलं नसतं.

मग रिपोर्ट स्कॅन करून मागवले, खरं ते सगळं लिहिलं. एका कंपनीने नाही म्हटलं. दुसरीने जास्त प्रीमियम घेऊन, हृदयाच्या त्रासात जिवावर बेतलं तर अमुक रकमेपर्यंत देऊ असं लेखी कळवलं. मिरजेच्या डॉक्टरांनी पण तपासून प्रवासाला हरकत नाही असं पत्र दिलं. बाबा आले.

सातव्या आठवड्यात एका रात्री छातीत दुखायला लागलं. ९९९, ॲम्ब्युलन्स, ए अँड ई, आणि मग दोन रात्री वॉर्डात. सुदैवाने मोठं काही निघालं नाही, औषधं बदलली. डॉक्टर-नर्सेसनी जे केलं त्याला तोड नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी एक बाई फाइल घेऊन आल्या, अगदी नम्रपणे पासपोर्ट आणि व्हिसा मागितला. प्रत्येक मोठ्या हॉस्पिटलात परदेशी पेशंटचं बघणारं असं कोणीतरी असतं. मी पॉलिसीचा कागद दिला. बाबा कॉटवर उठून बसले आणि पहिला प्रश्न विचारला: "किती झाले?" छातीला वायरी लावलेल्या, आणि काळजी बिलाची. विमा नसता तर हा माणूस त्या रात्री "गॅस झालाय, ओवा दे" म्हणून उठलाच नसता, याबद्दल माझ्या मनात तरी शंका नाही. मला विम्याचं खरं महत्त्व तिथे कळलं. पैसे परत मिळतात हे आहेच, पण आपली म्हातारी माणसं वेळेवर "दुखतंय" म्हणतात.

बिल चार आकडी होतं. विमा कंपनीने जुने कागद मागितलेच, मिरजेच्या डिस्चार्ज कार्डापासून. सगळं फॉर्ममध्ये आधीच लिहिलेलं होतं, त्यामुळे बोट ठेवायला जागा नव्हती. ईमेल बरेच झाले, चार महिने गेले, पण डिडक्टिबल वजा करून पैसे आले.

घ्यायचा कसा

१. तिकिटाच्या पानावरची टिक विसरा. पॉलिसी वर्डिंगची पीडीएफ उतरवून घ्या आणि वाचा. ब्रोशर नव्हे, वर्डिंग. आपण रिक्वायरमेंट डॉक्युमेंट वाचून पोट भरणारी माणसं, चाळीस पानं आपल्याला जड नाहीत.

२. वरचा मोठा आकडा बघून भुलू नका. भारतातल्या पॉलिसी बहुतेक डॉलरमध्ये असतात: पन्नास हजार, एक लाख, अडीच लाख. पण ठरावीक वयाच्या पुढे बऱ्याच पॉलिसींत आत सब-लिमिट असतात: खोलीला दिवसाला इतके, आयसीयूला इतके, सर्जनला इतके. वर एक लाख लिहिलंय आणि आतले नळ इतके बारीक की हातात निम्मेही पडत नाहीत. सब-लिमिट नसलेली पॉलिसी महाग पडते, पण तिच्याशीच तुलना करा.

३. जुन्या आजारांचं कलम शोधा. तीन प्रकार दिसतील: अजिबात नाही, फक्त जिवावर बेतलं तर मर्यादित रकमेपर्यंत, आणि जाहीर करून जास्त प्रीमियम देऊन. डायबेटिस-बीपीवाल्यांनी पहिला प्रकार घेण्यात अर्थ नाही, कारण हार्ट, किडनी, पॅरालिसिस, सगळ्याचं बोट शेवटी तिकडेच वळवता येतं.

४. खरं लिहा. विम्याचा सगळा डोलारा परस्पर विश्वासावर उभा आहे. एजंटचं कमिशन फॉर्म गेला की होतं, क्लेमच्या वेळी तो फोन उचलत नाही.

५. दिवस मोजा. व्हिसा सहा महिन्यांचा आणि पॉलिसी नव्वद दिवसांची, असं नको. मुक्काम लांबायची शक्यता असेल तर मुदतवाढीची अट आधी वाचा, ती जवळजवळ नेहमी जुनी पॉलिसी संपायच्या आत मागावी लागते. २३ मार्च २०२० पासून भारताने आंतरराष्ट्रीय विमानं बंद केली आणि वंदे भारतची विमानं मे महिन्यात सुरू झाली. मधल्या काळात किती जणांचे आई-वडील इथे अडकले ते आठवा. होम ऑफिसने व्हिसाची मुदत वाढवून दिली, इंग्लंडमध्ये कोविडचा उपचार मोफत होता, पण बाकी आजारांचं बिल तेव्हाही होतंच.

६. इथली की तिथली? भारतातली पॉलिसी सहसा स्वस्त, मात्र ती निघण्यापूर्वी भारतात असतानाच घ्यावी लागते. इथल्या कंपन्या पाहुण्यांसाठी वेगळी पॉलिसी देतात, ती मुलाला इथून काढता येते. पण वयाची अट, जुने आजार वगळणं, आणि इथे पोचल्यावर काढली तर सुरुवातीचे काही दिवस आजार न धरणं, असल्या अटी बऱ्याचदा असतात. भारतात कंपनीशी भांडण झालं आणि तिच्या तक्रार विभागाने दाद दिली नाही, तर विमा लोकपालाकडे फी न देता जाता येतं. त्याचं एक ऑफिस पुण्यातही आहे.

७. त्याच पॉलिसीवर युरोप फिरवून आणणार असाल, तर भूभागात शेंगेन देश येतात का बघा.

पॉलिसी आली, आता पुढे

पॉलिसी नंबर आणि चोवीस तासांचा मदतीचा फोन नंबर तीन ठिकाणी हवा: बाबांच्या पाकिटात, तुमच्या फोनमध्ये आणि फ्रिजवर. तुम्ही ऑफिसमध्ये असताना आई एकटी असेल तर तिला फ्रिजच उपयोगी पडणार. शेजारी १११ आणि ९९९ पण लिहून ठेवा, कशाला कुठला ते मराठीत.

औषधांची यादी मूळ नावांनी करा. इथल्या डॉक्टरला टेल्मा, ग्लायकोमेट, इकोस्प्रिन यातलं काही कळणार नाही. टेल्मिसार्टन, मेटफॉर्मिन, ॲस्पिरिन म्हटलं की लगेच कळतं. किती मिलिग्रॅम, दिवसातून किती वेळा, कधीपासून, सगळं एका कागदावर. औषधं केबिन बॅगेतच. बॅग हरवली तर विमा कपड्यांचे पैसे देईल, पण त्या रात्रीची गोळी कुठून आणणार?

ॲडमिट केलं की त्याच दिवशी मदतीच्या नंबरावर फोन करा आणि केस नंबर लिहून घ्या. उशिरा कळवलं हे क्लेम अडवायचं सगळ्यात सोपं कारण. डिस्चार्ज समरी, बिलं, पावत्या, बोर्डिंग पास, पासपोर्टची पानं, काही टाकू नका.

आणि एक अवघड गोष्ट, पण लिहितो. पॉलिसीत मृतदेह भारतात नेण्याचं किंवा इथेच अंत्यसंस्कार करण्याचं कलम असतं. ते किती रकमेचं आहे बघून ठेवा. इंग्लंडमधून पार्थिव बाहेर न्यायला कॉरोनरची परवानगी लागते, भारतीय हायकमिशनचे कागद लागतात, एम्बामिंग लागतं, विमान कंपनीची सोय लागते. ही धावपळ अनुभवी माणसांकडून करून देणं हेही विमा कंपनीच्या मदत विभागाचं काम असतं. ज्यांच्या घरी ही वेळ आली त्यांच्यासाठी वर्गणी गोळा करताना आपण सगळ्यांनीच कधी ना कधी हातभार लावलाय. आपली माणसं अशा वेळी धावून येतात हे आपलं भाग्य, पण त्यावर विसंबून राहणं बरं नाही.

आणि आपलं स्वतःचं?

आपण भारतात जातो तेव्हा "घरीच तर चाललोय" म्हणून विमा काढत नाही. एनएचएस भारतात येत नाही, एवढं लक्षात असू द्या. इथल्या वार्षिक पॉलिसीत बऱ्याचदा एका ट्रिपला ३१ दिवसांची मर्यादा असते, पाच आठवड्यांच्या सुट्टीत शेवटचे दिवस उघडे पडतात. दुसरं म्हणजे भारतातल्या आई-वडिलांच्या आजारपणामुळे प्रवास रद्द करावा लागला तर पैसे मिळतात का, आणि त्यांचा आजार आधीपासूनचा असेल तर काय, हे कलम नक्की वाचा. आपली निम्मी घाईची तिकिटं त्याच कारणाने निघतात. तिकीट शंभर पौंडांच्या वर असेल तर क्रेडिट कार्डावर काढा. १९७४ च्या कन्झ्युमर क्रेडिट ॲक्टच्या कलम ७५ खाली, विमान कंपनीच बुडाली तर कार्ड कंपनीकडे मागता येतं. मात्र तिकीट थेट विमान कंपनीकडून घेतलेलं बरं, मध्ये एजंट आला की हे कलम लागू होईलच असं नाही. एप्रिल २०१९ मध्ये जेट एअरवेज बंद पडली तेव्हा ते बऱ्याच जणांना कळलं.

थोडक्यात काय, तिकीट काढायच्या आधी एक रविवार सकाळ काढा, आई-बाबांना फोन लावा आणि फॉर्म मोठ्याने वाचा. प्रश्न विचारल्यावर पलीकडे शांतता झाली, तर फोन ठेवू नका. थांबा. जे कळेल ते पॉलिसीपेक्षा महत्त्वाचं असू शकतं.

नियम बदलत असतात, तेव्हा निघण्यापूर्वी सरकारी साइटवर एकदा पडताळून घ्या. चूकभूल द्यावी घ्यावी. आणि हो, लोणच्याची बरणी चेक-इनमध्येच, दोन प्लास्टिकच्या पिशव्यांत घालून :-)